रजोनिवृत्तीचे औषध आणि स्त्रीचा प्रश्न

अमेरिकेत १९४२ साली गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले 'प्रेमारिन' हे औषध मान्यता पावले. १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी 'फेमिनिन फॉरएव्हर' या ग्रंथात रजोनिवृत्ती हा न्यूनताजन्य रोगच ठरविला. अंगाचा दाह व निद्रानाश यांनी पीडलेल्या स्त्रियांना औषधाने आराम पडे. परंतु गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी त्याचा असलेला संबंध १९७५ मध्ये उघड झाला. १९७७ मध्ये धोक्याची माहितीपत्रिका रुग्णाच्या हाती देण्याचा नियम झाला. २००२ मध्ये संयुक्त संप्रेरकांची मोठी चाचणी मध्येच थांबविण्यात आली आणि असंख्य स्त्रियांनी उपचार सोडले. वस्तुतः चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीतील स्त्रीला तिचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नव्हते. सारांश, आश्वासन व भय ही दोन्ही सरसकट वाटली गेली. 'माझ्या वयाला, माझ्या त्रासाला काय योग्य?' हा स्त्रीचा प्रश्न मात्र मागेच राहिला.