भट्टीच्या कुळातली शेगडी

नृसिंहवाडीतल्या, म्हणजे बोलण्यातल्या नरसोबाच्या वाडीतल्या, एखाद्या स्वयंपाकघरात इंडक्शनची काळी काच गॅसच्या शेजारी ठेवलेली असली, तर तिची वंशावळ विचारायला कोणी थांबत नाही. ती सगळ्यांना पाठ असते: आधी चूल, मग कोळशाची शेगडी, मग वातीचा आणि पंपाचा स्टोव्ह, मग १९५०च्या दशकात बर्मा-शेलने मुंबईत आणलेला सिलिंडरचा गॅस, आणि आता हे. या यादीत चूक काही नाही, पण ती ओट्यावर कोण कोणाच्या मागून आले याची यादी आहे. कोण कोणाच्या पोटी जन्मले हे तिच्यावरून कळत नाही. चुलीपासून गॅसपर्यंतची मंडळी एकाच घराण्यातली आहेत, कारण सगळ्यांकडे ज्वाळा किंवा निखारा आहे आणि भांडे त्याच्यावर ठेवायचे असते. इंडक्शनचे कूळ वेगळे आहे. ते लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचे अपत्य आहे, आणि ती भट्टी पाहायला वाडीच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. पंचगंगेच्या वरच्या अंगाला, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांमध्ये ती रोज पेटते. ‘पेटते’ हे आपले सवयीने म्हणायचे, कारण तिच्यातही जाळ नसतो.

मूळपुरुष मायकेल फॅरडे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये त्याने लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तारांची दोन वेटोळी गुंडाळली. एकात प्रवाह सुरू किंवा बंद केला की दुसऱ्यात, कुठलीही जोडणी नसताना, क्षणभर वीज उमटत होती. १८५५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली. ती फिरवायला जड जाऊ लागली आणि तापली. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात सापडलेल्या धातूच्या अंगात, वाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमावरच्या पाण्यात पडतात तसे, विजेचे भोवरे उठतात आणि त्या फिरण्यातच धातू गरम होतो. पुढे वीज-अभियंत्यांनी ही उष्णता शत्रू मानली. ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ पत्र्यांच्या थप्पीचा करतात, तो हे भोवरे मोडण्यासाठीच. भट्टीवाल्यांनी मात्र त्याच शत्रूला कामाला लावले. ब्रिटिश अभियंता फेरांटीने १८८७ च्या सुमारास तशा भट्टीची कल्पना मांडली, स्वीडनमध्ये शेलिनने १९०० साली तिच्यात पोलाद वितळवून दाखवले, आणि अमेरिकेत नॉर्थ्रपने १९१६ च्या सुमारास मधला लोखंडी गाभाच काढून टाकला. त्याच्या भट्टीत तांब्याच्या नळीचे वेटोळे, त्याच्या आत उष्णता सोसणाऱ्या मातीचे पात्र आणि पात्रात भंगार एवढेच उरले. आपल्या कोल्हापुरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यांची भिस्त आधी कोक जाळणाऱ्या क्युपोलावर होती. नंतर इंडक्शन भट्ट्या आल्या आणि जिल्ह्यातले लोखंड विजेच्या भोवऱ्यांवर वितळू लागले.

आता घरातले यंत्र उघडून पाहा. काचेखाली तांब्याच्या बारीक तारांचे चपटे वेटोळे आहे. वेटोळे आणि लोखंड यांच्या मध्ये, भट्टीत मातीचे पात्र असते तिथे इथे काच आहे. भट्टीत भंगार टाकतात त्या जागी आपण पातेले ठेवतो. म्हणजे या शेगडीच्या लेखी पातेले हे स्वयंपाकाचे साधन नाहीच, तो भट्टीतला माल आहे, फक्त वितळण्याच्या फार अलीकडे थांबवलेला. भांडे उचलले की यंत्र मुके का होते, काच स्वतः न तापता भांड्याच्या उलट्या उष्णतेने का तापते, या सगळ्यांचे उत्तर या एका गोष्टीत आहे. मालाच्या बाबतीत भट्टीची ही लेक मात्र चोखंदळ आहे. चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडात हे प्रवाह पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात कोंडले जातात, तिथे त्यांना अडथळा मोठा होतो आणि उष्णता भरपूर निघते. तांबे, पितळ आणि अॅल्युमिनियम विजेला इतकी मोकळी वाट देतात की तापण्यासारखे घर्षणच होत नाही. गंमत अशी की मराठी घराची मांडणी नेमकी याच धातूंनी भरलेली होती: कल्हईचे पितळी पातेले, तांब्याचा बंब, हिंदालियमचे टोप, अॅल्युमिनियमचा कुकर. स्टीलचे भांडेही खात्रीचे नाही, कारण निकेल घातलेले बरेचसे स्टील चुंबकाला दाद देत नाही. म्हणून भांड्यांच्या दुकानात बुडाला लोहचुंबक लावून पाहायची पद्धत पडली. गॅस आला तेव्हा कोणी भांडी बदलली नव्हती.

तत्त्व १८३१ चे आणि भट्टी १९००ची, मग ओट्यावर यायला एवढा उशीर का? उत्तर स्विचमध्ये आहे. भट्टीला सेकंदाला काही शे किंवा हजारभर आवर्तने पुरतात आणि तिची घरघर कारखान्यात खपते. घरात ती आवर्तने वीस हजारांच्या वर न्यावी लागतात, नाहीतर पातेले कानाला टोचेल असे गाऊ लागते. १९५०च्या दशकात जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने अमेरिकेत फिरत्या प्रदर्शनातून अशी शेगडी दाखवली होती. भांडे आणि वेटोळे यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवायचे, पाणी उकळायचे, कागद तसाच! लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण माल बाजारात आला नाही. सत्तरच्या दशकात वेस्टिंगहाउसने विक्रीला आणलेला नमुना श्रीमंतांपुरता राहिला. मार्ग मोकळा झाला तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, मद्रास आयआयटीत शिकून जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेलेल्या जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा अर्धवाहक स्विच प्रत्यक्षात आणला तेव्हा. मोठा प्रवाह, पण सेकंदाला हजारो वेळा तोडजोड, आणि तेही नखाएवढ्या तुकड्यात. कारखान्यात ज्या कामाला खोलीभर यंत्रे लागत, ते त्याच्यामुळे दोन-तीन किलोच्या डब्यात बसले. वरची काचही भट्टीचीच देणगी, तीही अपघाताने. १९५३ साली कॉर्निंग या काच कंपनीच्या डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ठरवल्यापेक्षा शेकडो अंशांनी जास्त तापली. आतली काच वितळून वाहायला हवी होती, ती पांढरी होऊन घट्ट बसली आणि चिमट्यातून पडूनही फुटली नाही. काचेच्या आत स्फटिक वाढवण्याची ही युक्ती पुढे शेगडीच्या वरच्या पाट्याला कामी आली.

या वंशावळीवर पहिला आक्षेप असा की विजेची हॉटप्लेट आधीपासून होती, इंडक्शन तिचेच सुधारलेले रूप समजावे. पण हॉटप्लेटमध्ये तार लाल होते आणि तिची उष्णता भांड्यात जाते. म्हणजे ती निखाऱ्याचीच नक्कल आहे, जळण तेवढे बदलले. इंडक्शनच्या वेटोळ्याने तापू नये म्हणून खाली पंखा लावावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वस्तूचे कूळ तिच्या कामावरून ठरवावे, आतल्या तत्त्वावरून नव्हे, आणि काम तर गॅसचेच आहे. सरकारही तसेच समजते. २०२३ साली ईईएसएल या सरकारी कंपनीने २० लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला, तो स्वच्छ आणि काटकसरीच्या स्वयंपाकाच्या नावानेच. हा मुद्दा मान्य करायला माझी हरकत नाही, पण मग वारसाहक्काची झडती स्वयंपाकातच घ्यावी लागेल. गॅसने चुलीचे सगळे हक्क बिनबोभाट घेतले. तव्यावरून उतरवलेली भाकरी जाळावर टम्म फुगते, पापड भाजतो, आणि कृष्णाकाठचे वांगे साल करपेपर्यंत भाजून त्याचे भरीत होते. इंडक्शनपुढे वांगे ठेवा, त्याला ते दिसतच नाही. भाकरीचा दुसरा पदर जाळावर धरायची सोय नाही. वैश्वदेवाची आहुती द्यायची म्हटली तर अग्नीच नाही.

आणि वाडीच्या नावाशी जोडलेला पदार्थ तर बासुंदी. म्हशीचे दूध मंद आचेवर, बुडाला लागू न देता, कडेला धरणारी साय खरवडून पुन्हा आत घेत आटवायचे असते. ज्वाळा भांड्याच्या अंगाला वेढते म्हणून ती कडेची साय धरते. इंडक्शनवर उष्णता फक्त वेटोळ्याच्या वरच्या बुडात निघते, कडा थंड राहतात. स्वस्त यंत्राला मंद आचही धरता येत नाही. ३०० वॉट दाबले तरी ते आतून हजारभर वॉटचा झटका काही सेकंद देते, थांबते, पुन्हा देते. दूध वर येते, बसते, पुन्हा येते. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध लागलेच तर करपल्याचा डाग गोल कड्यासारखा उमटतो, खालच्या वेटोळ्याचा जणू ठसाच. कोणी म्हणेल की मोठ्या स्वयंपाकघरांसाठी कढईच्या आकाराची खोलगट इंडक्शनही मिळते. मिळते, पण तिथे वेटोळेच मालाच्या अंगाभोवती गुंडाळलेले असते, म्हणजे ती आणखी एक पाऊल भट्टीकडे सरकलेली असते. जपानी कंपन्यांनी आवर्तने खूप वाढवून तांबे-अॅल्युमिनियम तापवणारी शेगडीही काढली. ती महाग पडते, आणि भांडे निवडण्याचा प्रश्न तिने सोडवला असला तरी वांग्याचा नाही.

या यंत्राचे मनापासून जमते ते बिडाच्या सपाट तव्याशी, आणि जमायलाच हवे, कारण फाउंड्रीतही बीडच वितळते. एकाच घराण्यातली दोन माणसे ओट्यावर भेटावीत तसे आहे हे. तरी इथेही जपावे लागते. बीड ठिसूळ असते, थंड तवा ठेवून एकदम पूर्ण वॉट दिले तर मधला भाग आधी फुगतो आणि तवा तडकू शकतो. आच पायरीपायरीने वाढवणे हे इथे शहाणपणाचे, आणि भट्टीवालेही गार भट्टी एकदम तापवत नाहीत.

राहिला मुद्दा उचलून नेण्याचा. वाडीसारख्या गावात तो क्षुल्लक नाही. कृष्णेचे पाणी चढून दत्तमंदिरातल्या पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते तेव्हा स्नानाला गर्दी होते, पण त्याही पुढे चढले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैत चढले तसे, की घरातले सामान वर न्यावे लागते. एका हाताने माळ्यावर जाणारी शेगडी अशा वेळी वरदान वाटावी. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. पण पुरात वीज सर्वांत आधी जाते. पाणी डीपीपाशी पोचण्याआधीच ती बंद करावी लागते. फाउंड्रीत भट्टी भरलेली असताना वीज गेली की वितळलेले लोखंड आतच थिजते, मग ते फोडून काढायचे आणि अस्तरही नव्याने करायचे. मालकाला गोठवणारी भीती ती हीच. इंडक्शनच्या पातेल्यात थिजायला काही नसते, तोटा एका वेळच्या भाताचा, पण परावलंबन तेच, वंशपरंपरेने आलेले. म्हणून श्रावणात पाण्याची पातळी वाढू लागली की माळ्यावर पहिला चढवायचा तो सिलिंडर. इंडक्शन नंतर, जागा उरली तर.