अपमान कुणाचा, किंमत कुणाला? झेंडा, पुतळा आणि कोल्हापूरचे तीन प्रसंग

आजचा विषय आहे झेंडा जाळण्याचा गुन्हा आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याची हद्द. हा विषय निघाला की लोकांना दिल्लीचं सुप्रीम कोर्ट आठवतं, नाहीतर अमेरिका. आपण तिकडेही थोडं जाऊ, पण मुक्काम कोल्हापुरातच करू. कारण या शहराच्या गेल्या दीडशे वर्षांत असे तीन प्रसंग घडले आहेत, की ते एकापुढे एक मांडले तर हा सगळा कायदा समजायला सोपा जातो. प्रत्येक प्रसंगाला आम्ही दोनच प्रश्न विचारणार आहोत. अपमान कुणाचा झाला? आणि त्याची किंमत कुणी मोजली?

पहिला प्रसंग 1882 सालचा. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, विशीही न ओलांडलेले. कारभार सगळा महादेव वासुदेव बर्वे यांच्या हातात. महाराजांना वेड लागलंय, असं सरकारी बाजू सांगत होती. महाराजांचा छळ चाललाय, अशी लोकांत कुजबुज होती. पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रं सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. बर्व्यांची म्हणून काही पत्रं पुढे आली होती. त्यांच्या आधारावर टिळक-आगरकरांच्या पत्रांनी उघड लिहिलं, की महाराजांविरुद्ध कट शिजतोय. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद केली. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. जुलै 1882 मध्ये दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिलं. खटल्याच्या वेळी महात्मा फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे जामिनाला उभे राहिले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मतभेद एका बाजूला, आणि लिहिणाऱ्याला तुरुंगात टाकू नये ही भावना एका बाजूला.

आता पुढे काय झालं बघा. 25 डिसेंबर 1883 रोजी, म्हणजे संपादक सुटून सव्वा वर्षही झालं नव्हतं, तेव्हा महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात जीव गेला. त्यांच्यामागे मार्च 1884 मध्ये दत्तक आले ते शाहू महाराज.

इथे घाई करून चालत नाही. पत्रं खोटी होती. एखाद्याच्या नावावर खोटं छापलं तर त्याला दाद मिळाली पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. पण विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. कारभाऱ्याच्या अब्रूसाठी 1860 च्या दंडसंहितेत कलम तयार होतं. कैदेत असल्यासारख्या जगणाऱ्या तरुण राजाबद्दल विचारपूस करण्यासाठी कसलंच कलम नव्हतं. अपमान कारभाऱ्याचा झाला, आणि किंमत लिहिणाऱ्यांनी स्वतः मोजली. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला ती पुढे लागणार आहे.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे जाताना मधली साठ वर्षं झपाट्याने बघू. 1870 साली दंडसंहितेत 124 अ हे राजद्रोहाचं कलम घातलं गेलं. 1897 साली त्याच कलमाखाली टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्याचा अर्थ असा लावला, की सरकारबद्दल मनात प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. म्हणजे दंगल झाली का, कुणी कुणाला मारलं का, हे बघायची गरजच उरली नाही. 1923 मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. त्यात गुन्हा काय होता? सिव्हिल लाइन्समधून चरख्याचा झेंडा घेऊन चालणं. जाळणं तर दूरच, झेंडा नुसता हातात धरला म्हणून शेकडो लोक तुरुंगात गेले. आज ज्या झेंड्याच्या अपमानाला शिक्षा आहे, त्याच्याच पूर्वजाला मान दिला म्हणून तेव्हा शिक्षा होत होती.

दुसरा प्रसंग ‘छोडो भारत’च्या दिवसांतला. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेले सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा कोल्हापुरात भर चौकात उभा होता. 1942 साली जयाबाई हाविरे आणि भागीरथीबाई तांबट या दोघींनी त्याच्यावर डांबर टाकलं. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी हातोड्यांनी तो फोडला. 1945 मध्ये त्याच जागी बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, आणि तो चौक आता शिवाजी चौक म्हणूनच ओळखला जातो.

कायद्याच्या भाषेत पुतळ्याला डांबर फासणं म्हणजे मालमत्तेचं नुकसान. पण ते एक वाक्यही होतं, आणि ते कुणाला उद्देशून होतं हे अख्ख्या कोल्हापूरला कळलं. सत्तेला उद्देशून, सत्तेच्या समोर, पकडले गेलो तर काय होईल हे ठाऊक असताना. अपमान गव्हर्नरसाहेबांचा झाला. जोखीम करणाऱ्यांनी आपल्याच डोक्यावर घेतली.

मग स्वातंत्र्य आलं. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. संविधानाच्या कलम 19 ने भाषणस्वातंत्र्य दिलं, आणि 1951 च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने त्यावरच्या बंधनांत सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण घातलं. त्याबरोबर ‘वाजवी’ हा शब्दही घातला, म्हणजे बंधन वाजवी आहे का हे कोर्ट तपासू शकतं. 1962 साली केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने राजद्रोहाचं कलम ठेवलं, पण त्याचे दात काढले. सरकारवर कितीही कडक टीका करा, हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा. स्ट्रॅचीसाहेबांची अप्रीती तिथे संपली. निदान कागदावर तरी.

झेंड्याचा कायदा मात्र वेगळ्या वाटेने गेला. 1971 च्या राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंध कायद्याप्रमाणे लोकांना दिसेल अशा जागी तिरंगा किंवा संविधानाची प्रत जाळली, फाडली, तुडवली, शब्दानेही तिची बेअदबी केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. इथे चिथावणीची अट नाही. कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी झेंड्यावर किंवा संविधानावर टीका केली तर तो गुन्हा नाही, एवढी सूट त्यात आहे.

आणि आता एक गंमत बघा. झेंडा जुना झाला, फाटला, तर त्याचं काय करायचं? ध्वजसंहिता सांगते, की तो खासगीत, पूर्णपणे नष्ट करावा, आणि शक्यतो जाळूनच. म्हणजे कायद्याला आगीचं वावडं नाही. आदराने जाळलं तर कर्तव्य, तिरस्काराने जाळलं तर गुन्हा. कापड तेच, काडी तीच. शिक्षा होते ती त्या कृतीतून जे म्हटलं जातं त्याला. नेमकं हेच ओळखून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1989 साली टेक्सास विरुद्ध जॉन्सन खटल्यात झेंडा जाळणं हे भाषणच ठरवलं. निकाल पाच विरुद्ध चार असा काठावरचा होता.

आपल्याकडे तसं का नाही, असं कोणी विचारलं तर आम्ही चटकन उत्तर देणार नाही. या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या सैन्यात पोरं पाठवणारी गावं आहेत. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी ज्या अंगणात उतरली, त्या घराला ‘कापडच आहे ते’ असं सांगता येत नाही. ती वेदना खरी आहे. पण वेदना खरी असली म्हणून तीन वर्षांचा तुरुंग आपोआप रास्त ठरत नाही. तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

आता तिसरा प्रसंग, आणि हाच सगळ्यांत अवघड. डिसेंबर 2021. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मेळाव्यात एका नेत्याच्या तोंडाला शाई फासली गेली. त्या रागातून कोल्हापुरात कार्यकर्त्यांनी लाल-पिवळा कन्नड झेंडा जाळला. त्यानंतर बंगळूरमध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतली गेली. लगेच बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची विटंबना झाली. दगडफेक झाली, गाड्या फुटल्या, जमावबंदी लागली.

कायद्याने बघितलं तर त्या झेंड्याला काहीच संरक्षण नव्हतं. 1971 चा कायदा तिरंग्यापुरता आहे. लाल-पिवळा झेंडा 1960 च्या दशकात कन्नड चळवळीतून आला. 2018 मध्ये कर्नाटक सरकारने राज्याच्या अधिकृत झेंड्याचा नमुना ठरवून केंद्राकडे पाठवला, तो अजून मंजूर नाही. तेव्हा इथे लागू शकलं असतं ते दोन समाजांत वैर वाढवण्याचं, तेव्हाचं 153 अ कलम. ते झेंडा बघत नाही. ते बघतं की या कृतीने माणसं माणसांवर उठतील का.

आता आमचे दोन प्रश्न. अपमान कुणाचा झाला? ज्या सरकारवर राग होता त्याचा नाही. कन्नड बोलणाऱ्या सामान्य माणसाचा झाला. आणि किंमत? ज्यांनी कोल्हापुरात काडी ओढली ते कोल्हापुरातच होते. अटक झाली ती बेळगावच्या मराठी पोरांना, आणि त्यांच्यातल्या काहींवर राजद्रोहाचं कलमही लावलं गेलं. तेच 124 अ, टिळकांवरचं. आणि रायण्णा कोण? इंग्रजांशी लढला म्हणून 1831 साली नंदगडला फाशी गेलेला माणूस. नंदगड खानापूर तालुक्यात आहे, जिथे आजही घराघरात मराठी बोलली जाते.

पुढे मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने 124 अ स्थगित ठेवलं. 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता आली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाची एकता धोक्यात आणण्याचं 152 कलम आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बदनामीही अजून फौजदारी गुन्हाच आहे, कलम 356.

तेव्हा आमचं मत सांगतो. कायद्याने ‘कुणाचा अपमान झाला’ एवढंच विचारलं, की उत्तरात बहुधा वजनदार माणूस येतो. 1882 ला कारभारी आला, 1897 ला सरकार आलं. कायद्याने ‘कुणाच्या जिवाला धोका झाला’ असं विचारलं पाहिजे. 1962 ची कसोटी झेंड्याच्या कायद्यालाही लावावी, चिथावणी नसेल तिथे तुरुंग नसावा. पण कायद्याने सोडलं म्हणून आपण सुटलो असं होत नाही. सीमाभागाबद्दल कळकळ असणाऱ्यांना आम्ही एवढंच विचारतो, की निषेध करताना त्याची किंमत आपण मोजणार आहोत का, की बेळगाव-खानापूरचं एखादं घर? टिळक-आगरकर चुकले तेव्हा डोंगरीला ते स्वतः गेले होते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विरोधातले असतील तर आधी विचारा.