एफ-वनचं चिनी कूळ

अमेरिकेच्या एफ-वन व्हिसाची तयारी करून घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कौन्सिलरांकडे मुलाखतीच्या प्रश्नांची यादी भली लांबलचक असते, पण घोटून घ्यायचे प्रश्न तीनच. हेच शिक्षण इथे मिळत नाही का? खर्च कोण करणार? शिकून झाल्यावर परत येणार ना? बाकीचे सगळे या तिघांचे पोटप्रश्न. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याकडे एका उमेदवारासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात आणि तेवढ्यात तोही फिरून फिरून इथेच येतो.

या तिन्ही प्रश्नांचा जन्मदाखला १५ जून १९०० या तारखेचा आहे. तो सापडतो कुठे, तर चिनी माणसांना अमेरिकेत पाऊल ठेवू न देण्यासाठी जे कायदेकानू झाले त्यांच्या बाडात. अमेरिकेच्या अर्थखात्याच्या सॉलिसिटरने त्या दिवशी ‘विद्यार्थी’ कुणाला म्हणावं याबद्दल मत दिलं. जो उच्च शिक्षण घेऊ इच्छितो किंवा ज्या व्यवसायाच्या शिक्षणाची सोय मायदेशी नाही तो शिकायला येतो. ज्याच्या इथल्या राहण्याखाण्याची तजवीज आधीच झालेली आहे. आणि शिक्षण पुरं होताच जो चीनला परत जाणार आहे, तोच विद्यार्थी. ‘चीन’ खोडून ‘भारत’ लिहा, कौन्सिलरची शिकवणी तयार!

माझं म्हणणं असं की आजचा स्टुडंट व्हिसा हा चिनी बहिष्कार कायद्याच्या एका पळवाटेचा थेट वंशज आहे. याला विरोध करणारे दोन पक्ष आहेत, त्यांचा समाचार पुढे घेतोच. आधी ती पळवाट.

६ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी सही केलेल्या कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षं अमेरिकाबंदी केली. बंदी मजुरांना होती, सगळ्या चिन्यांना नव्हे. मग बोटीवरून उतरणारा चिनी माणूस मजूर नाही हे ओळखायचं कसं? त्यासाठी सहावं कलम आलं. जो मजूर नाही त्याने आपल्या सरकारकडून तसं प्रमाणपत्र आणावं. दोन वर्षांत लक्षात आलं की प्रमाणपत्रं काय, कुणीही कशीही आणतं. म्हणून ५ जुलै १८८४ च्या दुरुस्तीने हे कलम आवळलं, आणि या कुळकथेतला सगळ्यात मोलाचा कागद तिथे तयार झाला.

हा कागद जवळून पाहण्यासारखा आहे. तो इंग्रजीत हवा. त्यात नाव, हुद्दा असल्यास हुद्दा, वय, उंची, अंगावरच्या सगळ्या खाणाखुणा, आधीचा आणि आताचा धंदा, तो कुठे आणि किती काळ केला, राहण्याचं ठिकाण, एवढं सगळं हवं. व्यापारी असेल तर धंद्याचं स्वरूप आणि अंदाजे किंमत. नुसती हौस म्हणून फिरायला निघाला असेल तर मायदेशातली त्याची सांपत्तिक स्थिती. हे सगळं लिहून झालं की कागद अमेरिकन वकिलातीत न्यायचा. तिथे शेरा मारून घ्यायचा, म्हणजेच व्हिसा. आणि कायदा तिथल्या अधिकाऱ्याला नुसता शिक्का मारायला सांगत नाही. आधी मजकुराची खातरजमा कर, एकही गोष्ट खोटी निघाली तर शेरा नाकार, असं त्याचं कर्तव्यच ठरवून देतो. बोट सुटण्याआधी, अर्जदाराच्या देशातच अमेरिकन अधिकाऱ्याने केलेली तपासणी ती हीच. आज आपली मुलं बांद्रा-कुर्ला संकुलात ज्या रांगेत उभी राहतात, तिचं पहिलं टोक १८८४ मध्ये आहे.

पण मजुरांच्या बंदीत विद्यार्थी मुळात आला कसा? कायद्यामागे एक तह होता. १७ नोव्हेंबर १८८० रोजी पेकिंगला झालेल्या या तहात चीनने मजुरांवर मर्यादा घालायला संमती दिली आणि बदल्यात शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि हौसेखातर येणारे यांना मुक्त ये-जा मिळाली. अमेरिकेतर्फे बोलणी करणाऱ्या तिघांचा म्होरक्या होता जेम्स एंजेल, आणि हा गृहस्थ पेशाने मुत्सद्दी नव्हता. तो मिशिगन विद्यापीठाचा अध्यक्ष होता, रजा काढून चीनला गेला होता! ॲन आर्बरला आज हजारो परदेशी विद्यार्थी ज्या एंजेल हॉलवरून रोज जातात, तो याच्याच नावाचा. तहातल्या यादीत ‘शिक्षक’ पहिला आणि ‘विद्यार्थी’ दुसरा आहे, व्यापारी त्यांच्या मागे. विद्यापीठाच्या अध्यक्षाच्या हातात लेखणी असली की यादी अशीच उतरणार, हा माझा आवडता सिद्धांत.

यावर आक्षेप येतो तो १८६८ च्या बर्लिंगेम तहाचा. त्या तहाच्या सातव्या कलमाने चिनी प्रजेला अमेरिकेच्या सरकारी शिक्षणसंस्थांत शिकण्याची मुभा आधीच दिली होती. त्याच्या जोरावर चीन सरकारने १८७२ पासून हार्टफर्डला १२० मुलं पाठवली. त्यांतलाच एक, १८८१ चा येलचा पदवीधर झान थ्येनयू, पुढे पेकिंग ते चांगच्याखौ रेल्वे बांधणारा इंजिनीअर झाला. तेव्हा एंजेलने नवीन काय केलं, असं विचारता येतं. आक्षेप खरा आहे, पण बर्लिंगेमचं कलम शाळेच्या दारापुरतं होतं. देशाच्या दाराशी ‘विद्यार्थी’ हा वेगळा वर्ग करून उभा केला तो १८८० च्या तहाने. १८६८ साली चिन्यांवर अशी बंदीच नव्हती, तेव्हा सूट कशातून द्यायची? सूट जन्माला यायला आधी बंदी लागते. थट्टा अशी की तह अमलात आला त्याच १८८१ साली चीनने आपली हार्टफर्डची सगळी मुलं परत बोलावली.

तहात विद्यार्थ्याची व्याख्या नव्हती, आणि इथेच १९०० चं मत उपयोगी पडलं. मजुराने ‘विद्यार्थी’ म्हणून शिरू नये, ही अधिकाऱ्यांची धास्ती. तहातला शब्द खोडता येत नव्हता, म्हणून त्यांनी त्याचा अर्थ आक्रसून टाकला. इंग्रजी शिकायला येणारा पोरगा गेला, कारण ते उच्च शिक्षण नव्हे. इथे काम करून फी भरीन म्हणणारा गेला, कारण तजवीज आधी हवी.

त्याचा झटका बसला तो भलत्यांनाच. सप्टेंबर १९०१ मध्ये एच. एच. कुंग आणि फेई छीहाओ हे दोन तरुण सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. दोघांच्या मिशनऱ्यांशी चांगल्या ओळखी, ओबर्लिन कॉलेजात प्रवेश, आणि कागदांवर सही साक्षात ली हाँगचांगची, म्हणजे त्या वेळच्या चीनमधल्या बड्यांतल्या बड्याची. अधिकाऱ्यांनी कागद नियमाप्रमाणे नाहीत म्हणून दोघांना अडकवलं. ओबर्लिनला पोहोचेपर्यंत १९०३ उजाडलं. १९०४ मध्ये सूंग आय-लिंग ही शांघायची मुलगी जॉर्जियातल्या वेस्लियन कॉलेजात निघाली. तिच्याजवळ पोर्तुगीज पासपोर्ट होता (त्याची महती गोव्याच्या वाचकांना मी काय सांगावी!), तरी तिलाही बंदरात बोटीवरच अडकवून ठेवलं. पुढे १९१४ मध्ये या सूंग आय-लिंगने त्याच कुंगशी लग्न केलं आणि कुंग चीनचा अर्थमंत्री झाला. १९०५ मध्ये या वागणुकीच्या निषेधार्थ चिनी शहरांत अमेरिकन मालावर बहिष्कार पडला, तेव्हा थिओडोर रूझवेल्टने विद्यार्थी-व्यापाऱ्यांशी अदबीने वागण्याची ताकीद दिली. व्याख्या मात्र जागची हलली नाही.

आता विरोधी पक्ष. पहिला पक्ष थेट बाराव्या शतकात जातो. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने बोलोन्याला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना ‘ऑथेंटिका हबिता’ नावाची सनद दिली: त्यांनी निर्धास्त प्रवास करावा, गाववाल्याचं कर्ज त्यांच्याकडून वसूल करू नये, खटला त्यांच्या गुरूपुढे किंवा बिशपपुढे चालावा. जगातला पहिला स्टुडंट व्हिसा म्हणून ही सनद मिरवली जाते. ऐकायला छान वाटतं. पण ही सनद आलेल्याला सांभाळते. येऊ का नको हे ठरवत नाही. तिला पूर्वज म्हणायचं तर प्रत्येक धर्मशाळेच्या पाटीला व्हिसा म्हणावं लागेल. या पक्षाचा एक मुद्दा मात्र मी मानतो. १२१५ च्या पॅरिसच्या नियमांत ठरावीक गुरू नसलेल्याला विद्यार्थी मानू नये असं आहे, आणि संस्थेने विद्यार्थ्याची हमी घ्यायची कल्पना तिथली असू शकते. ती पुढे येईल.

दुसरा पक्ष पाठ्यपुस्तकी, आणि म्हणून जास्त बलवान. व्हिसा हे पहिल्या महायुद्धाचं अपत्य. हेरांच्या भीतीने देशोदेशी पासपोर्ट आणि शेरे आले, अमेरिकेने १९१७ मध्ये ते लागू केले, युद्ध संपलं तरी ते राहिले. सरसकट व्हिसापुरतं हे बरोबर आहे. पण महायुद्धाचा व्हिसा माणूस कोण आहे हे पाहत होता. हेच शिक्षण मायदेशी मिळतं का, पैसे कुठून आणतो, परत जाणार का, हे तो विचारत नव्हता. हे प्रश्न त्याच्या १७ वर्षं आधी लिहून तयार होते.

आपली माणसं या कथेत कुठे येतात? जून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा बहिष्कार कायदा वर्षाचा झाला होता. तो फक्त चिनी चेहरे शोधत होता, त्यामुळे फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला निघालेल्या या अठरा वर्षांच्या बाईंकडे कुणी सहाव्या कलमाचा कागद मागण्याचा प्रश्नच नव्हता. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले तेही या जाळ्याबाहेरच. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये, अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, अमेरिकन संसदेने आशियाभोवती अक्षांश-रेखांशांनी एक बंदी-पट्टा आखला. त्यात सगळा हिंदुस्थान आला, ब्रिटिशांचाही आणि पोर्तुगीजांचा गोवाही. सूट कुणाला? यादीत पुन्हा शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी, हौसेने फिरणारे! एंजेलच्या तहातली मंडळी डॉक्टर-वकिलांना सोबत घेऊन इथे हजर झाली आणि चिन्यांसाठी शिवलेला अंगरखा आपल्या अंगावर आला. १९१८ मध्ये धर्मानंद कोसंबी पुन्हा हार्वर्डला निघाले, बरोबर मुलगी माणिक आणि दहा-अकरा वर्षांचा दामोदर. बाप शिक्षक, मुलं विद्यार्थी, म्हणजे सगळं कुटुंब त्या यादीत बसणारं. याच कायद्यात एक नवी पाचर होती: ज्या धंद्याच्या जोरावर सूट मिळाली तो सोडला, तर माणूस बेकायदा ठरून हद्दपार. आपली मुलं आज ‘स्टेटस मेंटेन करायचं’ म्हणतात, ते हेच.

१९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःचं पोटकलम दिलं: वय किमान १५, हेतू फक्त शिक्षणाचा, आणि कॉलेज सरकारमान्य. त्या कॉलेजने विद्यार्थी येईनासा झाला की सरकारला कळवायचं, नाही कळवलं तर मान्यता रद्द. पॅरिसच्या गुरूची आठवण होते ती इथे. पण पॅरिसचा गुरू शिष्याच्या पाठीशी उभा राहायचा, हा गुरू चुगली करायला बांधलेला आहे.

माझ्या सिद्धांताला सगळ्यात मोठं भोक पडतं तेही इथेच. १९२४ च्या पोटकलमात परत जाण्याचा एक शब्द नाही. उलट हा विद्यार्थी तिथे कोटाबाहेरचा ‘स्थलांतरित’ म्हणून नोंदलेला आहे. परतीची अट कायद्याच्या मजकुरात ठसठशीत येते ती १९५२ मध्ये, एफ वर्गाच्या व्याख्येत: परदेशात घर हवं आणि ते सोडण्याचा इरादा नको. मधली वर्षं ही अट कुठे होती? माझं उत्तर असं की ती कचेरीत होती. चिनी कायद्याची अंमलबजावणी आणि सगळ्यांचं इमिग्रेशन ही दोन्ही कामं १९०० च्या सुमारासच एका खात्याखाली आली होती. तेच कारकून, त्याच नियमावल्या. चिनी बहिष्कार १९४३ मध्ये उठला, पण चाळीस वर्षं एकच प्रश्न विचारणारं खातं तो प्रश्न सोडत नाही. १९५२ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांनी खात्याची सवय कलमात उतरवली. विरोधक म्हणतील, ती अट तात्पुरत्या पाहुण्यांच्या नियमांतून आली. आली असेल, मग शिकणाऱ्यालाच खास करून ‘तुमच्या देशात हा कोर्स नाही का’ हे का विचारतात, याचं उत्तर त्यांनी द्यावं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९९३ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटर बॉम्बस्फोटातला एक आरोपी कॉलेज सोडलेला विद्यार्थी निघाला, १९९६ च्या कायद्याने कॉलेजांची जुनी खबर संगणकावर आणायचं ठरलं, आणि २००३ पासून सेव्हिस ही त्यासाठीची संगणकप्रणाली सक्तीची झाली. तिची ३५० डॉलरची फी आता विद्यार्थीच भरतो. म्हणजे आपल्यावरच्या पाळतीचा खर्चही आपणच द्यायचा.

१८८४ च्या कागदातली प्रत्येक गोष्ट तपासता येण्याजोगी होती: उंची, वय, धंदा, घर. १९०० च्या मताने त्यात पहिल्यांदा मनातली गोष्ट घातली, परत जाण्याची अपेक्षा. १९५२ च्या कायद्याचं कलम २१४ (बी) तर अर्जदार कायमचाच राहणार असं आधी गृहीत धरतं; तसं नाही हे त्याने पटवायचं. बाविशीतल्या पोराने आपला इरादा सिद्ध करायचा कसा? म्हणून फाइल जाड होते. एफडीच्या पावत्या, सीएचं प्रमाणपत्र, आजोबांच्या नावावरच्या जमिनीचा सातबारा, फ्लॅटचा इंडेक्स टू, सगळ्याला प्लॅस्टिकचे कप्पे. सातबारा इंग्रजीत भाषांतर करून, नोटरी करून न्यायचा हे कौन्सिलर बजावून सांगतात. बहुतेकदा अधिकारी फाइल उघडतही नाही. मुलाच्या तोंडाकडे पाहतो आणि तिसरा प्रश्न विचारतो.