घरच्या कॉम्प्युटरसाठी फ्री अँटीव्हायरस कोणता घ्यावा?

मोबाईल ज्याचा त्याचा असतो, पण घरातला कॉम्प्युटर सगळ्यांचा असतो. त्याच्यावरच बाबांचं नेट बँकिंग, ताईचं प्रोजेक्ट आणि दहा वर्षांचे फोटो. तो हळू चालायला लागला किंवा स्क्रीनवर काही विचित्र दिसलं, की घरचे म्हणतात, "तुला कळतं ना यातलं, बघ जरा." मग आपण गूगलवर शोधतो: फ्री अँटीव्हायरस डाउनलोड.

मित्रांनो, थोडं थांबा. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० किंवा ११ असेल, तर बहुतेक वेळा वेगळं काही डाउनलोड करायची गरजच नसते. का, ते या लेखात पाहूया.

अँटीव्हायरस नेमकं काय करतो?

त्याची कामं मुख्यतः दोन. पहिलं, आधीच माहीत असलेल्या व्हायरसच्या यादीशी प्रत्येक फाईल ताडून पाहणं. ही यादी रोज बदलते, म्हणून अपडेट महत्त्वाचं. दुसरं, एखादा प्रोग्राम संशयास्पद वागतोय का यावर लक्ष ठेवणं. समजा एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फाईल्स लॉक करू लागला, तर यादीत नाव नसलं तरी त्याला अडवायला हवं.

हे लक्ष चोवीस तास ठेवलं जातं, त्याला रिअल-टाइम प्रोटेक्शन म्हणतात. काही फ्री अँटीव्हायरस फक्त आपण सांगितल्यावर स्कॅन करतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तुमच्याकडे आधीच एक आहे

विंडोजसोबत मायक्रोसॉफ्ट डिफेंडर येतो. रिअल-टाइम प्रोटेक्शन, रोजचे अपडेट, सगळं फुकट आणि जाहिराती नाहीत. काही वर्षांपूर्वी लोक त्याला नावं ठेवायचे, पण आता एव्ही-टेस्ट (जर्मनी) आणि एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज (ऑस्ट्रिया) या स्वतंत्र संस्थांच्या चाचण्यांत तो नामांकित कंपन्यांच्या बरोबरीने चांगले गुण मिळवतो. कमी एकच: तो क्लाउडवर बराच अवलंबून आहे, त्यामुळे इंटरनेट बंद असताना त्याची पकड थोडी सैल होते.

तो चालू आहे का, हे असं तपासा:

१. स्टार्ट मेनूत विंडोज सिक्युरिटी असं इंग्रजीत टाईप करून ते उघडा.
२. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा. रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन दोन्ही चालू हवीत.
३. तिथेच खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस असतं. ते बंदच येतं, चालू करा. मग अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोटो आणि डॉक्युमेंट्समध्ये बदल करता येत नाही. एखादा चांगला प्रोग्राम अडकला, तर त्याला तिथूनच परवानगी देता येते.

अँटीव्हायरस खरंच जागा आहे का, हे पाहायचं असेल तर आयकार टेस्ट फाईल वापरा. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाईल खास याच कामासाठी बनवली आहे. डाउनलोड करताच अँटीव्हायरसने ओरडायला हवं.

तरी दुसरा हवा असेल तर

- बिटडिफेंडर फ्री: रोमानियातली कंपनी. साधा, रिअल-टाइम प्रोटेक्शनसह.
- अवास्ट, एव्हीजी, अविरा: नावं तीन, पण मालक एकच, जेन डिजिटल. नॉर्टनही त्यांचाच. संरक्षण चांगलं, पण पैसे भरून अपग्रेड करा असे मेसेज वारंवार येतात.
- मालवेअरबाइट्स फ्री: ट्रायल संपली की रिअल-टाइम प्रोटेक्शन नाही. महिन्यातून एकदा दुसरं मत घेण्यासाठी उत्तम.
- क्विक हील: आपल्या पुण्याची कंपनी, पण तिचा नेहमीचा अँटीव्हायरस विकतचा आहे. ट्रायल म्हणजे फ्री नव्हे. मुदत संपल्यावर संरक्षण राहत नाही आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

दोन रिअल-टाइम अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका. ते एकमेकांशीच भांडतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. दुसरा टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो आणि तो काढला की परत चालू होतो.

फुकट, पण कशाच्या बदल्यात?

अँटीव्हायरस तुमची प्रत्येक फाईल आणि अनेकदा प्रत्येक वेबसाईट पाहतो. म्हणून तो बनवणाऱ्यावर विश्वास हवा. अवास्टची जम्पशॉट नावाची उपकंपनी युजर्सच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. हे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती बंद करावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली.

म्हणून कुठलाही फ्री अँटीव्हायरस टाकताना एवढं करा:

- फक्त कंपनीच्या मूळ वेबसाईटवरून घ्या. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" असं ब्राउझरमध्ये दिसलं, तर ते बटण दाबू नका. खरा अँटीव्हायरस वेबसाईटवर ओरडत नाही.
- इन्स्टॉल करताना नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटू नका. सोबतचा ब्राउझर, व्हीपीएन, टूलबार यांच्या टिका काढा.
- सेटिंग्जमध्ये जाऊन डेटा शेअरिंग बंद करा.

अँटीव्हायरस कुठे हात टेकतो?

क्रॅक सॉफ्टवेअर: "आधी अँटीव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा" अशी सूचना दिसली, की समजून जा. कुलूप तुम्हीच उघडून देताय. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम याच वाटेने येतात. फाईलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल या साईटवर टाका. तिथे अनेक अँटीव्हायरस एकदम तपासतात. मात्र आधार कार्ड, बँक स्टेटमेंट अशा खाजगी फाईल्स तिथे टाकू नका.

जुनं विंडोज: २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय रॅन्समवेअरने जगभर लाखो कॉम्प्युटर लॉक केले. त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! ज्यांनी तो टाकला, ते वाचले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा कॉम्प्युटर चालत असेल तर ११ वर जा.

पेनड्राइव्ह: झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि सगळ्या फोल्डर्सचे शॉर्टकट झाले, हा अनुभव अनेकांना असेल. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका आणि घाईने फॉरमॅटही मारू नका. फाईल्स बहुधा फक्त लपवलेल्या असतात. आधी स्कॅन करा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवरही मोफत सफाई टूल्स मिळतात.

थोडक्यात

बहुतेक घरांसाठी डिफेंडर चालू, विंडोज अपडेटेड आणि महिन्यातून एकदा मालवेअरबाइट्सचा स्कॅन, एवढं पुरेसं आहे. आणि फोटोंची एक कॉपी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवा. कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवायची, कारण जोडलेली डिस्कही रॅन्समवेअर लॉक करतं. कितीही चांगला अँटीव्हायरस असला, तरी गेलेले फोटो तो परत आणू शकत नाही. बँकेतून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.