शस्त्रक्रियेनंतरचं आयुष्य : एक न बोललेला इतिहास

कंधारमध्ये इतिहासावर व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, आता किल्ला येणार, राष्ट्रकूट येणार, जगत्तुंग समुद्र येणार. आज ते सगळं बाजूला ठेवू. आज आपण प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहू. आणि खरं म्हणजे शस्त्रक्रियेचा कमी, तिच्यानंतर उरणाऱ्या आयुष्याचा जास्त. ही शस्त्रक्रिया आमच्यावर झालेली आहे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या प्रकारांमध्ये 'वाताष्ठीला' येते : मूत्राशय आणि गुद यांच्या मध्ये दगडासारखी घट्ट गाठ, लघवी अडवणारी. हे वर्णन लघवी अडण्याचं आहे. त्याला कर्करोगाचं निदान म्हणू नये. पण हे दुखणं म्हाताऱ्या पुरुषांच्या वाट्याला आज आलेलं नाही, एवढं त्यावरून कळतं.

कर्करोगासाठी ही ग्रंथी मुळापासून काढण्याची पद्धत बसवली ह्यू हॅम्पटन यंग यांनी, 1904 साली, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. त्या काळी प्रश्न एकच असायचा : माणूस वाचला का? वाचला तर लघवीवरचा ताबा गेला, पतिपत्नीसंबंध संपले, ही जगण्याची किंमत समजायची. पुढची सात दशकं बहुतेकांनी ती निमूटपणे मोजली.

मग 1977 साली त्याच रुग्णालयात पॅट्रिक वॉल्श या शल्यविशारदांकडे एक रुग्ण तपासणीला आला. शस्त्रक्रियेला तीन महिने झाले होते. त्याने सांगितलं की त्याची लैंगिक क्षमता शाबूत आहे. वॉल्श विचारात पडले. त्या वेळचा समज असा होता की त्यासाठी लागणाऱ्या नसा प्रोस्टेटमधूनच जातात. ग्रंथी काढली की नसा जाणारच. मग हा माणूस बरा कसा? 1981 साली हॉलंडमधल्या लायडनला निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांच्यासोबत मृत अर्भकाच्या देहाचं विच्छेदन करताना दोघांनी पाहिलं, की त्या नसा ग्रंथीच्या बाहेरून जातात. 26 एप्रिल 1982 रोजी वॉल्श यांनी त्या नसा जाणूनबुजून वाचवणारी पहिली शस्त्रक्रिया केली.

आता यात लक्षात काय घ्यायचं? सूक्ष्म निरीक्षण तर आहेच. पण सुरुवात झाली ती एका रुग्णाने डॉक्टरांपुढे तोंड उघडलं म्हणून. तो लाजून गप्प बसला असता, तर वॉल्श यांना हा प्रश्नच पडला नसता.

दुसरं उदाहरण. शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा परत यावा म्हणून ओटीपोटाखालच्या स्नायूंचे जे व्यायाम शिकवतात, त्यांना केगेल यांचं नाव आहे. अर्नोल्ड केगेल हे स्त्रीरोगतज्ज्ञ. 1948 साली त्यांनी हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर लघवी सांडणाऱ्या बायकांसाठी. म्हणजे बघा, पुरुषांना आज जो आधार मिळतो, तो बायकांनी आपली अडचण डॉक्टरांना सांगितली त्यातून आलेला आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. बार्शीला 1987 साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शीबरोबर आपल्या मराठवाड्यातले परंडा आणि भूम हे तालुके तिच्यात होते. रुग्णालयाच्या वहीवर विसंबून चालणार नव्हतं, कारण कित्येक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणं समजावून सांगितली, कुणाला त्रास आहे का ते विचारलं. विचारलं, तेव्हा कळलं. पण अशा नोंदीत रोग येतो, माणूस हयात आहे की नाही ते येतं. त्याने पंगतीला जाणं का सोडलं, हे कुठल्या रकान्यात येणार?

इथे आमचा अनुभव सांगतो. नळी निघाल्यावरचे पहिले काही महिने खोकलं तरी, खुर्चीवरून उठलं तरी लघवी सांडायची. जन्मभर आम्ही वर्गात देह आणि आत्म्यावर बोललो, आणि सप्ताहात दोन तास बसायला घाबरलो. कुणी विचारलं तर 'गुडघे दुखतात' म्हणायचो. घरात पॅड लपवून ठेवायचो. बायकोला सगळं ठाऊक होतं, तीही बोलायची नाही. एके दिवशी मन्याडकाठचे एक शेतकरी भेटले. त्यांचीही हीच शस्त्रक्रिया झालेली. हळूच म्हणाले, "सर, तुम्हाला बी गुडघ्याचंच दुखणं का?" आम्ही दोघंही हसलो, आणि मग तासभर बोललो. व्यायाम किती वेळा करायचा, चहा किती प्यायचा, रक्तातलं पीएसए तपासायच्या आदल्या रात्री झोप का लागत नाही, सगळं. त्या रात्री आम्ही घरीही बोललो.

फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम स्वतः वैद्यकही शिकलेले. 1943 सालच्या प्रबंधात त्यांनी मांडलं की बरं होणं म्हणजे पूर्वीच्या स्थितीत परतणं नव्हे. बदललेल्या देहासह जगण्याची नवी रीत बसवता येणं. हे आम्ही कितीदा शिकवलं असेल! समजलं मात्र आत्ता. लघवीवरचा ताबा बराचसा परत आला. जे परत आलं नाही, त्याच्यासोबत आम्ही दोघं नव्याने राहायला शिकलो.

तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या घरात, शेजारी कुणी वडीलधारे अशा शस्त्रक्रियेतून उठले असतील, तर "बरे आहात ना?" एवढ्यावर थांबू नका. शेजारी बसा आणि "आता कसं चाललंय?" असं विचारा. आणि ज्यांची झाली आहे त्यांनी डॉक्टरांना खरं सांगा, गुडघ्यांवर ढकलू नका.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न विचारा, लाजू नका.