संकलनाच्या पडद्यावर अडखळणारे चित्र : दोष चित्रफितीत की यंत्रणेत?

(प्रतिनिधी)

लग्नसमारंभाचे चित्रण, शाळेचे स्नेहसंमेलन, स्पर्धेसाठी केलेला लघुपट किंवा यूट्यूबवरील पाककृतींचा कार्यक्रम, या साऱ्यांचे संकलन आज घरच्या संगणकावर होते. एकेकाळी मिक्सिंगसाठी टेप घेऊन शहरातील लॅब गाठावी लागत असे; आता तालुक्याच्या गावी एका खोलीत हे काम चालते. मात्र नवख्या आणि मुरलेल्या, दोघांनाही सारखाच छळणारा एक अनुभव आहे. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र सुरू केले की ते अडखळते, क्षणभर गोठते, आवाज पुढे निघून जातो, मध्येच हिरवे पट्टे उमटतात.

अशा वेळी घाईने केलेला उपाय मूळ दुखण्याहून महाग पडतो. कोणी कर्ज काढून नवा संगणक आणतो, कोणी मूळ फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलून जुनी पुसून टाकतो, तर कोणी कॅमेऱ्याचे कार्ड आधीच फॉरमॅट करून बसलेला असतो. संगणक पुन्हा घेता येतो; अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा चित्रित करता येत नाही. म्हणून उपायाआधी निदान हवे. बिघाड चित्रफितीतच आहे, की चित्रफीत निर्दोष असून ती दाखविताना यंत्रणा कमी पडते आहे, याचे उत्तर सर्वप्रथम शोधले पाहिजे.

पहिली चाचणी

जेथे चित्र अडखळते त्याच्या मागचे-पुढचे मिळून दहा-पंधरा सेकंद निवडावेत आणि तेवढाच भाग एक्स्पोर्ट करावा. एक्स्पोर्ट करताना आधी तयार झालेली प्रीव्ह्यू वापरण्याचा पर्याय बंद ठेवावा. अन्यथा प्रीव्ह्यूमधील दोष तयार फाइलमध्येही उतरू शकतो. ही फाइल संकलनाच्या सॉफ्टवेअरबाहेर, व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरवर पाहावी.

तयार तुकडा सुरळीत चालला, तर चित्रफीत शाबूत आहे. दोष केवळ संकलन करतानाच्या दर्शनात आहे आणि त्याने अंतिम चित्रपटाला धोका नाही. तयार तुकड्यातही नेमक्या त्याच जागी दोष दिसला, तर मूळ फाइल, त्यावरील एखादा इफेक्ट किंवा टाइमलाइनची मांडणी यांपैकी काही बिघडले आहे. मग मूळ फाइल प्लेअरवर लावून तीच जागा तपासावी. तेथेही दोष असेल, तर कार्डावरील प्रत पाहावी. कार्डावर चित्र स्वच्छ असेल, तर संगणकावर कॉपी करतानाच फाइल बिघडली असे समजावे व ती पुन्हा कॉपी करावी.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. दर वेळी त्याच जागी अडखळणारे चित्र फाइलकडे किंवा इफेक्टकडे बोट दाखविते. दर वेळी निराळ्या जागी अडखळणारे चित्र यंत्रणेकडे.

फाइल लहान, पण काम मोठे

भारतात प्रचलित असलेल्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम दाखविल्या जातात. म्हणजे प्रत्येक फ्रेम तयार करण्यासाठी संगणकाला अवघे ४० सहस्रांश सेकंद मिळतात. १९२० बाय १०८० आकाराच्या एका फ्रेमला, प्रत्येक बिंदूस तीन बाइट या हिशेबाने, सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाची बेरीज १५ कोटी बाइटांच्या पुढे जाते. फोर-के चित्रणात ती याच्या चौपट होते. एवढी माहिती जशीच्या तशी साठविणे परवडणारे नसल्याने ती दाबून लहान करावी लागते. २००३ मध्ये आलेले एच.२६४ आणि २०१३ मध्ये आलेले एचईव्हीसी ही त्यासाठीची मानके आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये व कॅमेऱ्यांत वापरली जातात.

या पद्धतींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठविलेली नसते. एक फ्रेम पूर्ण ठेवून पुढील अनेक फ्रेममध्ये केवळ बदललेल्या भागाची नोंद केली जाते. साधा प्लेअर सुरुवातीपासून सरळ पुढे जात असल्याने त्याला हे सोपे पडते. संकलक मात्र सतत मागे-पुढे उड्या मारतो आणि मधूनच चित्र कापतो. मधल्या एका फ्रेमसाठी संगणकाला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तेथून पुढचा सारा हिशेब करावा लागतो. म्हणूनच प्लेअरवर लोण्यासारखी चालणारी फाइल टाइमलाइनवर अडखळते.

मिनी डीव्ही टेपच्या काळात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असे. तेव्हाचे दुबळे संगणकही ते चित्रण निमूटपणे चालवीत, त्याचे एक मोठे कारण हेच. लहान फाइल संगणकाला हलकी असते, हा समज येथे उपयोगी पडत नाही. एचईव्हीसी फाइल आकाराने लहान असते, पण ती उलगडण्याचे काम अधिक असते.

नवा संगणक घेण्यापूर्वी

चित्रफीत निर्दोष ठरली, की पहिला आणि विनाखर्च उपाय म्हणजे दर्शनाचे रिझोल्यूशन निम्मे किंवा पाव करणे. प्रीमियर प्रो आणि दा विंची रिझॉल्व्हमध्ये ही सोय आहे. यामुळे पडद्यावरील चित्र थोडे पुसट दिसते. तयार होणाऱ्या चित्रपटाचा दर्जा मात्र कमी होत नाही.

दुसरा आणि अधिक खात्रीचा उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ फाइलची एक हलकी प्रत तयार करून संकलन तिच्यावर केले जाते आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरली जाते. प्रीमियर प्रो, फायनल कट प्रो, रिझॉल्व्ह तसेच विनामूल्य मिळणाऱ्या केडेनलाइव्ह व शॉटकट या सॉफ्टवेअरमध्येही प्रॉक्सी तयार करता येते. ही प्रत शक्यतो प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणाऱ्या कोडेकमध्ये करावी. ॲव्हिडचे २००४ मधील डीएनएक्सएचडी आणि ॲपलचे २००७ मधील प्रोरेस ही अशा कोडेकची उदाहरणे होत. त्यांच्या फाइल जागा अधिक व्यापतात, परंतु टाइमलाइनवर सुरळीत चालतात. शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होत आहे ना, याची खात्री मात्र आवर्जून करावी.

चित्र केवळ इफेक्ट दिलेल्या जागी अडखळत असेल, तर तेवढाच भाग रेंडर करावा. हलणारे चित्र स्थिर करणे आणि अंधारातील चित्रणाचे कण काढणे हे विशेष जड इफेक्ट आहेत. प्रीमियर प्रोमध्ये टाइमलाइनवरील लाल रेघ म्हणजे तो भाग रेंडर केल्याशिवाय बहुधा सुरळीत चालणार नाही, पिवळी म्हणजे रेंडर नसूनही बहुधा चालेल, हिरवी म्हणजे रेंडर झाला आहे. रिझॉल्व्हमध्ये फ्रेमच्या वेगाच्या आकड्याजवळील हिरवा ठिपका लाल झाला, की संगणक मागे पडत आहे असे समजावे. फायनल कट प्रोमध्ये फ्रेम गळताच इशारा देण्याची सोय आहे. जड इफेक्ट शेवटी द्यावेत आणि आधी नुसती कापाकापी पुरी करावी, ही सवय अनेक अडचणी टाळते.

वेगांची गल्लत

काही धक्के उत्तम संगणकावरही जात नाहीत, कारण ते फ्रेमच्या गणितातून आलेले असतात. समारंभात मुख्य कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि पाहुण्यांचा मोबाइल ३० फ्रेमवर चालतो. २५ च्या टाइमलाइनवर मोबाइलचे चित्रण टाकले, की दर सेकंदाला पाच फ्रेम वगळाव्या लागतात. उलट केले तर पाच फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. कॅमेरा मंडपावरून संथ फिरत असताना हे हिसके स्पष्ट दिसतात. खरा उपाय चित्रणाच्या आधीच करावयाचा आहे : सर्व कॅमेरे एकाच वेगावर लावावेत.

याहून फसवा प्रकार म्हणजे बदलता फ्रेमवेग. अनेक मोबाइल चित्रण करताना हा वेग कमी-जास्त करीत राहतात. परिणामी सुरुवातीला जुळलेला आवाज हळूहळू ओठांपासून दूर जातो. मीडियाइन्फो या विनामूल्य साधनात फाइल उघडली, की तिचा वेग स्थिर आहे की बदलता, हे कळते. बदलता असल्यास हँडब्रेकसारख्या साधनाने स्थिर वेगाची नवी प्रत करावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

जुन्या टेपवरून उतरविलेल्या चित्रणात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, बनलेली असते. आपल्याकडील डीव्ही चित्रणात खालचे फील्ड आधी येते, तर एचडी चित्रणात सामान्यतः वरचे. हा क्रम उलटा लागला, की चालणारा माणूस पावलागणिक मागे-पुढे थरथरतो. क्लिपच्या गुणधर्मांत फील्डचा क्रम दुरुस्त करताच ही थरथर थांबते.

आवाज पुढे, चित्र मागे

आवाजाचा दोष तपासताना फरक कायम आहे की वाढत जाणारा, हे प्रथम पाहावे. आरंभापासून अखेरपर्यंत तो सारखाच असेल, तर ब्लूटूथ हेडफोन काढून तारेचा लावून पाहावा. ब्लूटूथमधून आवाज किंचित उशिराने पोहोचतो. तो जुळवून घेण्याच्या नादात टाइमलाइनवरील आवाज सरकविला, तर निर्दोष चित्रपट सदोष होतो. फरक वाढत जाणारा असेल, तर वेगाची गल्लत आहे. २९.९७ फ्रेमचे चित्रण ३० फ्रेमचे मानले गेले, तर तासाभरात सुमारे ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

हिरवे पट्टे आणि तुटलेले चौकोन

चित्रावर हिरवी झाक, चौकोनी तुकडे किंवा काळी फ्रेम दिसू लागल्यास ग्राफिक्स कार्डाकडे वळावे. सॉफ्टवेअरच्या पसंतींमध्ये हार्डवेअरद्वारे चित्र उलगडण्याची सोय बंद करून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावे. दोष गेला, तर ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर संशय घ्यावा आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरून योग्य आवृत्ती बसवावी. दोष राहिला, तर सॉफ्टवेअरचा कॅश रिकामा करावा. कॅश पुन्हा तयार होतो. पण पुसत असलेला फोल्डर कॅशचाच आहे, मूळ चित्रणाचा नव्हे, हे दोनदा पाहावे.

एलईडी दिव्यांखाली चित्रात सरकणारे काळे पट्टे दिसतात, ते मात्र चित्रणातलेच असतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवल्यास ते बहुधा टळतात.

डिस्क, केबल आणि उष्णता

सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या चित्रणासाठी साडेबारा मेगाबाइट माहिती वाचावी लागते. चार कॅमेऱ्यांचे चित्र एकदम पाहताना हा आकडा ५० वर जातो. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला तीस ते चाळीस मेगाबाइटच मिळतात. म्हणजे बाह्य डिस्क जुन्या पोर्टला जोडलेली असेल, तर महागडा संगणकही अडखळणारच. चित्रण शक्यतो एसएसडीवर ठेवावे, पेन ड्राइव्हवरून थेट संकलन करू नये.

लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल किंवा तापला असेल, तर तो स्वतःचा वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटे सुरळीत आणि नंतर अडखळ, अशी तक्रार असल्यास, विशेषतः मे महिन्याच्या उकाड्यात, पंख्याची जाळी साफ करून चार्जर जोडून पाहावा. पार्श्वभूमीवर चालणारी अँटिव्हायरसची तपासणीही संकलनापुरती थांबवावी.

क्रम ध्यानात ठेवावा

१. लहान तुकडा एक्स्पोर्ट करून दोष कोठे आहे ते ठरवावे.
२. दर्शनाचे रिझोल्यूशन कमी करावे.
३. मीडियाइन्फोमध्ये फाइलचा कोडेक आणि फ्रेमवेग पाहावा.
४. प्रॉक्सी करावी; इफेक्टचा भाग रेंडर करावा.
५. डिस्क, पोर्ट आणि उष्णता तपासावी.
६. हार्डवेअर उलगडणी, ड्रायव्हर आणि कॅश यांकडे यावे.
७. एवढे करूनही भागले नाही, तरच संगणकाच्या खरेदीचा विचार करावा.

एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच पाहावे. पाच बदल एकदम केले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या खेपेस पुन्हा आरंभापासून शोध घ्यावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मूळ चित्रणाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाईपर्यंत आणि ती उघडून पाहिली जाईपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करू नये. टाइमलाइनवरचे बहुतेक दोष दुरुस्त होतात. पुसलेल्या कार्डाबद्दल तशी खात्री कोणालाही देता येत नाही.