छंदाचा हिशेब

शनिवार-रविवारी साखरपुड्यांचे, बारशांचे फोटो काढून चार पैसे मिळवणारे मित्र आपल्या सगळ्यांनाच असतात. मलाही आहेत. ‘लेन्सचा खर्च निघाला तरी पुरे’ असं ते म्हणतात. हा छंद की धंदा, असं त्यांना कुणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र करखातं विचारतं, आणि त्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

त्याची सुरुवात कॅमेऱ्यापासून नव्हे, श्रीमंतांपासून होते. धंद्यातला तोटा इतर उत्पन्नातून वजा करता येतो, हा साधा नियम. त्याच्या आडून बडी मंडळी घोड्यांचे तबेले आणि हौशी शेती ‘धंदा’ म्हणून दाखवू लागली. तोटा झाला की कर वाचे! १९४३च्या महसूल कायद्याने याला लगाम घातला. सलग पाच वर्षं दरवर्षी ५०,००० डॉलरपेक्षा जास्त तोटा दाखवला, तर त्या मर्यादेपलीकडची वजावट नाकारायची. पण एखाद्या वर्षी तोटा मर्यादेत ठेवला, की मोजणी पुन्हा शून्यापासून. कोड लिहिणाऱ्या माणसाला अशी पळवाट लगेच दिसते, वकिलांनाही दिसली.

म्हणून १९६९च्या करसुधारणा कायद्यात कलम १८३ आलं. आता तोटा किती यापेक्षा हेतू काय, हे महत्त्वाचं ठरलं. तुम्हाला खरोखर नफा कमवायचा आहे का? पाचपैकी दोन वर्षं नफा झाला, तर धंदा मानायचा; १९८६मध्ये दोनाची तीन वर्षं झाली. घोड्यांना मात्र सातपैकी दोन वर्षांची सवलत कायम राहिली.

नफा नसेल तर? त्यासाठी नियमावलीत नऊ निकष आहेत. हिशेब नीट ठेवता का, वेळ किती देता, जाणकारांचा सल्ला घेता का, दुसरं मोठं उत्पन्न आहे का, या कामात मजा येते का, वगैरे. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथे इफ-एल्स चालत नाही. नऊपैकी पाच जुळले म्हणून निकाल लागत नाही. सगळं चित्र बघावं लागतं.

१९७७मध्ये चित्रकार ग्लोरिया चर्चमन यांच्या खटल्यात ते दिसलं. वीस वर्षं कलेतून नफा नाही, तरी कर न्यायालयाने त्यांचं काम धंदा मानलं, कारण चित्रं विकण्याची त्यांची धडपड खरी होती. २०१२मध्ये ली स्टोरी या वकील बाईंच्या माहितीपटाच्या खर्चाबद्दलही निकाल त्यांच्याच बाजूने लागला. वकिलीचा पगार होता म्हणून त्यांचा कॅमेरा हौशी ठरला नाही.

हरणाऱ्याला मात्र आता जास्त फटका बसतो. पूर्वी छंदाच्या कमाईइतका खर्च, काही अटींवर का होईना, वजा करता येई. २०१७च्या कायद्याने २०१८पासून तेही थांबवलं आणि २०२५मध्ये ती बंदी कायमची झाली. म्हणजे फोटो विकून ३,००० डॉलर आले आणि त्यासाठी ४,००० गेले, तर धंदेवाला १,००० डॉलर तोटा दाखवतो. छंदवाला खिशातून हजार घालवूनही तीन हजारांवर कर भरतो.

तबेलेवाल्यांसाठी विणलेलं जाळं असं पगारदार, हौशी फोटोग्राफरपर्यंत आलं. मोठ्या माशाकडे नफातोट्याचं नियोजन करणारे लेखापाल असतात. याच्याकडे असते फार तर पावत्यांची पिशवी. पण त्या पिशवीलाच इथे किंमत आहे. वेगळं बँक खातं, लिहून ठेवलेले दर, गिऱ्हाइकांची नोंद यांतूनच हेतू दिसतो. हेतू मनात असतो, न्यायालय मात्र वही बघतं.

त्या नियमावलीत एक दिलासाही आहे. काम करताना आनंद मिळतो, एवढ्यावरून तो धंदा नाही असं ठरवता येत नाही. करखात्याच्या कागदात असं काही लिहिलेलं सापडेल, असं मला वाटलं नव्हतं.